सुवाच्य अक्षरातला जबाब

गोविंदाच्या तेरवीला जेवणाआधी चार शब्द बोलण्याची वेळ आली, तेव्हा सगळ्यांत आधी किसनराव उठले. दिग्रसजवळच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे ते जुने मुकादम. गळ्यातला गमछा सारखा करून त्यांनी मांडवाकडे पाहिले आणि म्हणाले, "गोविंदासारखा कामसू माणूस आमच्या जिनमध्ये दुसरा नव्हता. त्याच्या हातून आयुष्यात एक चूक झाली. माणूस म्हटला की चूक होतेच. आजच्या दिवशी आपण ती मनातून काढून टाकू."

लोकांनी माना डोलावल्या. दारात डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या इंदुताईंनी, गोविंदाच्या बायकोने, नजर वर केली नाही.

मग धम्मरत्नाचे नाव घेतले गेले. तो सकाळच्या एसटीने यवतमाळहून आला होता. काय बोलायचे ते त्याने रात्री कागदावर उतरवले होते आणि तो कागद त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तो उठला. समोर किसनराव बसले होते; त्यांच्या शेजारी रामलाल, ज्याने बारा वर्षे त्याच्याबरोबर प्रेसवर काम केले होते. धम्मरत्नाने खिशाला हात लावला आणि म्हणाला, "गोविंदा माझा चांगला सोबती होता." एवढे बोलून तो खाली बसला.

यवतमाळला कचेरीसमोरच्या रांगेत धम्मरत्नाचे झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. लोक तिथे झेरॉक्सपेक्षा त्याच्या अक्षरासाठी येतात. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वारसाचा कागद, काहीही असो, समोरच्या माणसाचे गोंधळलेले बोलणे शांतपणे ऐकून तो ते चार स्वच्छ वाक्यांत मांडतो. खेड्यातल्या शाळेत गुरुजी त्याची वही वर्गाला फिरवून दाखवीत. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. पोरगा बारावी झाला तेव्हा त्याने वस्तीत साखर वाटली होती. पुढचे शिक्षण झाले नाही. एकोणिसाव्या वर्षी धम्मरत्न जिनिंगमध्ये लागला आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर उभा राहिला. साठ कामगारांत बारावी झालेला तो एकटाच होता. हजेरी, रजेचे अर्ज, कोणाच्या लग्नाची पत्रिका, सगळे त्याच्याकडे येई. गोविंदा सरकी काढणाऱ्या यंत्रांना, रेच्यांना, तेल देणारा. त्याच्या पोरीचा शाळेचा दाखलासुद्धा धम्मरत्नानेच अर्ज करून काढून दिला होता.

अठरा वर्षांपूर्वीच्या हंगामात एका दुपारी कापसातून आलेला खडा रेच्यात अडकला आणि ठिणगी उडाली. रुईने थोडा पेट घेतला. गोविंदाने आणि आणखी दोघांनी पोत्यांनी झोडपून ती विझवली. अशा वेळी करायचे काय, हे जिनमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या तासाभराची रुई प्रेसमध्ये घालायची नाही. घातलीच गेली तर त्या गाठी आठ दिवस उघड्यावर वेगळ्या ठेवायच्या. कारण दाबलेल्या गाठीच्या पोटात एखादा निखारा राहिला तर तो चार-चार दिवस धूर न करता आतल्या आत सरकत राहतो आणि बाहेरून गाठ अगदी गार लागते.

त्या आठवड्यात ट्रक यायचे होते, म्हणून प्रेस थांबली नाही. दोन गाठी बांधून झाल्यावर धम्मरत्नाला करपल्याचा वास आला. त्याने किसनरावांना सांगितले.

"हात लावून पाह्य," किसनराव म्हणाले.

त्याने हात लावला. "थंड हाये."

"मंग कायले घोर करतं? लाव थप्पीले."

हात लावून काही कळत नाही, हे दोघांनाही माहीत होते. गाठी शेडमधल्या थप्पीत गेल्या. चौथ्या दिवशी दुपारी शेड पेटली. तरंगणारी रुई झाडून काढणारी रुपीबाई, जवळच्या बंजारा तांड्यातली, भाकर खाऊन थप्पीच्या मागे जरा आडवी झाली होती. फाटकाशी बिडी ओढत बसलेला गोविंदा आधी धावला. त्याचे दोन्ही तळवे भाजले. रुपीबाई हाती लागली ती मेलेलीच.

चौकशी लागली. किसनरावांनी ऑफिसात धम्मरत्न, रामलाल आणि आणखी एकाला बोलावले. "गाठीतून आग लागली म्हणून लिहिलं तर जिन बंद होते," ते म्हणाले. "साठ घरं आहेत. बिडी म्हटली तर एका माणसाची चूक. गोविंदा बिडी पेते, हे तर खोटं नाही ना?" मग त्यांनी कागद धम्मरत्नासमोर सरकवला. "तुहं अक्षर चांगलं आहे."

किसनरावांसह चौघांचे जबाब त्याने लिहिले. *शेडमध्ये गोविंदा यास बिडी ओढताना आम्ही समक्ष पाहिले.* ते वाक्य त्याने चार वेळा लिहिले, चारही वेळा काना-मात्रा न चुकता. गोविंदाला कामावरून काढले. जिन आणखी तीन हंगाम चालली आणि मग दुसऱ्याच कारणाने बंद झाली.

जेवणे झाल्यावर धम्मरत्न इंदुताईंचा निरोप घ्यायला आत गेला. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

"येतो, ताई."

"या," इंदुताई म्हणाल्या. मग हळूच, "तुमी तरी बोलसान वाटलं होतं, भाऊ."

तो त्यांच्यासमोर खाली टेकला.

"अठरा वर्सं मले लोकायनं बिडीवाल्याची बायको म्हटलं. ते मले सांगत, इंदे, म्या शेडमधी कधी काडी नाही ओढली. मी इश्वास ठेवला. पण दुसऱ्या कोनी ठेवला नाही. आज त्यायच्या तेरवीलेही तेच ऐकून राह्यली."

"मी जातो लालसिंगकडे," धम्मरत्न म्हणाला. लालसिंग म्हणजे रुपीबाईचा नवरा. "आजच जातो. सारं सांगतो त्याले."

इंदुताईंनी नजर वर केली. "तिकडून आले का मले सांगून जा," त्या म्हणाल्या.

किसनरावांची गाडी होती. जुनी जिन पाहून जाऊ, अशी टूम त्यांनीच काढली आणि रामलाल पुढच्या सीटवर बसलाही. धम्मरत्नाला त्याच वाटेने तांड्यावर जायचे होते. तोही बसला.

जिनच्या अर्ध्या जागेत आता मंगल कार्यालय झाले होते. फाटकाशी मालकाने बांधलेली पाणपोई तेवढी जुनी होती. तिच्यावर संगमरवरी पाटी: *कै. रुपीबाई यांच्या स्मरणार्थ.* नळाला पाणी नव्हते. टाकीवर कोणीतरी वरातीतल्या फेट्याचे कापड वाळत घातले होते.

रामलालने पाटी वाचली. "जित्तेपणी बाईले घोटभर पाणी प्याची फुरसत नव्हती. मेल्यावर अख्खा नळ देला. तोई कोरडा."

"तुह्या जिभेले हाड नाही आलं अजून," किसनराव हसले.

"दात गेले, मुकादम. जीभच राह्यली."

धम्मरत्न हसला नाही. "मी तांड्यावर चाललो," तो म्हणाला. "लालसिंगले सांगतो का बिडीनं नाही लागली आग. तुमी दोघं चाला. जबाब देणाऱ्या चौघायपैकी एक वारला. आपण तीन आहो."

किसनरावांनी पाटीवरची धूळ गमछ्याने पुसली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "धम्मा, तू शिकेल माणूस. कोणाच्या कामाचं आहे आता हे? गोविंदा गेला. जिन गेली. त्या लालसिंगच्या जिवाले कायले त्रास?"

"इंदुताईच्या जिवाचं काय?"

"तिच्यासाठी तर बोललो ना मी आज. चांगलंच बोललो. सारे बोलले चांगलं बोललो म्हणून."

"तुमी त्याची चूक माफ केली, मुकादम. भर मांडवात."

किसनराव त्याच्याकडे वळले. "लिहिलं कोणं होतं?" ते म्हणाले. "मी सांगतलं, बराबर. पण लिहिलं कोणं? आणि आता अठरा वर्सानं तुले जाग आली. गोविंदा जित्ता होता तवा यवतमाळवरून किती खेपा केल्या तुनं?"

एकही केली नव्हती. धम्मरत्नाने रामलालकडे पाहिले.

"मी नाही येत गड्या," रामलाल म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "माह्या नातीची सोयरीक त्या तांड्यापलीकडच्या गावात होऊन राह्यली. तू जाय. माहं नाव नको घेऊ म्हणजे झालं."

धम्मरत्न पायी निघाला. तांडा दोन किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडत आल्या होत्या आणि वेचणी संपत आलेल्या पऱ्हाटीत बायका उरलासुरला कापूस ओटीत भरत होत्या. चालताना तो पहिले वाक्य जुळवत होता. दुसऱ्यांसाठी अशी वाक्ये त्याला लगेच सुचत.

रुपीबाईच्या समाधीचा ओटा तांड्याच्या तोंडाशीच होता. चुन्याने पोतलेला, वर एक लहान दगड. पुण्यतिथीला विस्तवावर वाहिलेल्या भोगाची, नैवेद्याची, काळी राख अजून कडेला दिसत होती. लालसिंग जवळच बाजेवर बसून दोर वळत होता. सत्तरीचा, पण हात अजून मजबूत.

"रामराम, लालसिंगभाऊ. ओळखलं का?"

लालसिंगने डोळे बारीक केले. "प्रेसवरचा तू. धम्मा. बस."

धम्मरत्न बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितले: ठिणगी, दोन गाठी, करपल्याचा वास, हाताला गार लागलेली गाठ, जबाब. स्वतःचे नाव त्याने लपवले नाही आणि किसनरावांचेही नाही. रामलालचे घेतले नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "गोविंदानं शेडमधी बिडी पेली नाही, भाऊ. त्याचा काही दोष नव्हता. एवढं सांगाले आलो."

लालसिंगचे हात थांबले होते.

"मागच्या साली आलता गोविंदा," तो म्हणाला. "पुण्यतिथीले. दर साली याचा आणि रस्त्यावर उभा राह्याचा. पहिल्या साली म्या त्याले दगड मारला होता, तवापासून आत नाही यायचा. मागच्या साली आला. पार खंगला होता. माह्या पायावर डोकं ठेवलं आन् म्हणे, लालसिंगा, माह्याच बिडीनं झालं."

"असं तो म्हणाला?"

"आपल्या तोंडानं. साऱ्या तांड्यानं ऐकलं."

"पण ते खरं नाही, भाऊ. म्या तुमाले आता सांगतलं ना..."

"तो म्हणे, पहिले वाटे म्या नाही पेली. पण लोकं बोलत गेले, बोलत गेले, आन् मंग मलेच आठवाले लागलं का म्या पेली होती. कोणत्या थप्पीपाशी बसलो ते बी आठवते म्हणे. रात्री झोप नाही." लालसिंगने दोराचा पीळ सोडला. "म्या त्याले उचललं. या ओट्यावर बसवलं. भोगाचं त्याच्या हातात देलं. माफ केलं म्या त्याले. सतरा वर्सं लागली मले. एका माणसाले माफ कराले सतरा वर्सं लागली, आन् तू आता येऊन म्हणतं का तो माणूसच तो नोयता."

धम्मरत्नाची नजर ओट्यावरच्या दगडाकडे गेली.

"तुले माहीत होतं?" लालसिंगने विचारले. "गाठीले हात लावला तवा? आत आग राहू शकते म्हणून?"

"हो."

"आन् तिकडं ती झोपाले जाते, तेई माहीत होतं?"

"सारेच जात, भाऊ. हिवाळ्यात ऊब असते तिथं."

लालसिंग उठला. त्याचा आवाज चढला नव्हता. "जाय आता. तुह्यासाठी माह्यापाशी आनखी सतरा वर्सं नाहीत. आन् हे तांड्यात कोणाले सांगू नको. तो कबूल झाला, म्या माफ केलं. आमच्या इथं ते झालं. ते मोडाचं नाही."

धम्मरत्न परत फिरला. वाटेत त्याने खिशातला कागद काढून पाहिला. अक्षर नेहमीसारखे चांगले होते. त्याने तो पुन्हा घडी करून ठेवला.

इंदुताई अंगणात शेजारणींबरोबर मोठी भांडी घासत होत्या. त्याला पाहताच त्यांनी हात धुतले.

"भेटला?"

"भेटला."

"सांगतलं सारं?"

"सारं सांगितलं, ताई."

"काय म्हणे?"

एका निरपराध माणसाने न केलेला गुन्हा आपल्या तोंडाने कबूल केला. तोही अशा मनाने, की शेवटी स्वतःचे निर्दोष असणेच त्याला खरे वाटेनासे झाले. हे या बाईला कोणत्या शब्दांत सांगायचे? जिने त्याच्यावर एकटीने विश्वास ठेवला, तिला? धम्मरत्नाने उत्तर शोधले आणि ते त्याला सवयीने, सरळ एका वाक्यात मिळाले.

"म्हणे, माह्या मनात गोविंदाविषयी आता काही नाही."

"म्हणजे पटलं त्याले?"

"हो," धम्मरत्न म्हणाला.

इंदुताईंनी पदराने तोंड पुसले. मग शेजारणींकडे वळून त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "ऐकलं का वं? लालसिंगले पटलं. माह्या मानसानं नाही केलं." शेजारणी उठून जवळ आल्या. एकीने इंदुताईंच्या पाठीवर हात ठेवला.

"बसा, भाऊ, चहा घ्या," इंदुताई म्हणाल्या. तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी दिसली. "उद्या सकाळीच मी जातो तांड्यावर. रुपीबाईच्या ओट्यावर नारळ फोडतो. लालसिंगच्या तोंडून एकदा ऐकतो, म्हणजे झालं."

धम्मरत्नाने त्यांना थांबवले नाही. चहा आला तो त्याने घेतला, कप खाली ठेवला आणि यवतमाळची गाडी किती वाजता आहे, ते विचारले.