फक्त दाखवणारं साधन

लोणावळ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत मी माहिती लिहायचं काम करते. कंपनी लहान धंद्यांना त्यांच्या नावाचा ईमेल पुरवते. मेलच्या पत्त्यात @ या गोल खुणेनंतर जे नाव येतं, त्याला डोमेन म्हणतात. कुणाच्या खात्यावर कुठली डोमेन आहेत, त्यातली कुठली खरंच त्याच्याच मालकीची आहेत हे तपासून झालं आणि कुठल्यांचं व्हायचं आहे, याची यादी काढून देणारं एक साधन माझ्या मैत्रिणीनं बनवलं होतं. ते माणसांनी वापरायचं नव्हतं. ग्राहकांच्या शंका सोडवायला कंपनीनं जो एआय एजंट ठेवला होता, त्यानं ते वापरायचं होतं. तो कुठलंही साधन उचलण्याआधी मी लिहिलेलं वर्णन वाचायचा. ते वाचून काय करायचं ते ठरवायचा.

कामावर जाताना मी घोरावाडीला लोकलमध्ये चढायचे, ती मैत्रीण वडगावला. कॉलेजपासूनची मैत्री. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा ती माझ्या घरी राहून माझ्या मुलीला शाळेत सोडायची. तर एकदा गाडीतच मी तिला विचारलं, "हे साधन काही बदलत तर नाही ना? एजंटला तसं स्पष्ट सांगावं लागेल."

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "अगं, नुसती यादी दाखवतं. बिनधास्त लिही."

मी लिहिलं, "हे साधन फक्त माहिती दाखवते. काहीही बदलत नाही. कितीही वेळा वापरले तरी चालेल."

उर्स्याच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. त्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. परगावचे व्यापारी फोनवर एक बोलतात आणि नंतर वेगळंच म्हणतात, म्हणून ते वैतागले होते. मीच त्यांना म्हटलं होतं, आबा, मागणी लेखी मागवत जा, आमच्याकडून मेल घ्या. त्यांनी घेतला. फेब्रुवारीच्या ऐन हंगामात त्यांच्या डोमेनची तपासणी काही कारणानं अडकली आणि बरेच दिवस अडकूनच राहिली. त्यांनी मदत मागितली. एजंटनं आधी यादी काढून बघितली, आणि आबांचं डोमेनच खात्यावरून गेलं. मागणीचे मेल परत जाऊ लागले. आबांना वाटलं, यंदा व्यापारीच फिरले. तोडलेली फुलं शीतघरात उमलून वाया गेली.

मग कळलं की यादी काढताना ते साधन बरेच दिवस अडकलेली डोमेन आपोआप पुसून टाकायचं. ती सोय मैत्रिणीनंच त्यात घातली होती.

बैठकीत आमच्या साहेबांनी विचारलं, "असं झालंच कसं?"

मी तिच्याकडे पाहिलं. मला खात्री होती, ती आता बोलेल.

ती बोलली. "कोड ठरल्याप्रमाणेच चालतोय सर. वर्णन चुकलंय. पुसण्याबद्दल मी हिला सांगितलं होतं. लिहायचं राहिलं असेल."

आवाज अगदी सहज. लोकलमध्ये झालेल्या बोलण्याला साक्षीदार कोण? आणि मैत्रिणीशी बोलताना साक्षीदार ठेवायचा असतो, हे तरी कुठं माहीत होतं मला?

जिन्यात मी तिला गाठलं. "तू मला नेमकं उलटं सांगितलं होतंस."

"हळू बोल," ती म्हणाली. "तुला काय, चार ओळी बदलाव्या लागतील. माझी तर नोकरीच गेली असती."

"हे बैठकीआधी मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

कदाचित ऐकलंही असतं, दोष स्वतःवर घेतलाही असता. म्हणूनच जास्त लागलं. तिनं मागितलंच नाही, परस्पर घेतलं.

मी त्याच आठवड्यात आबांकडे गेले. ते पॉलिहाऊसच्या दाराशी पाण्याची नळी गुंडाळत होते. मी सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं तेसुद्धा. नळी खाली ठेवून ते म्हणाले, "ती कोन, मला म्हाईत न्हाई बाई. मी तिला कदी बगितलीबी न्हाई. मी तुज्या सांगन्यावर भरवसा ठिवला व्हता."

"आबा, मलाही तिनं फसवलं."

"व्हय, आसंल. पर फुलं तर माजी गेली."

त्यांनी चहा दिला. पुढं मात्र ते सगळे व्यवहार पुन्हा फोनवरच करू लागले. मला त्यांनी कधी फोन केला नाही.

वर्णन मी बदललं. डोमेन पुसली जाऊ शकतात, आधी ग्राहकाला विचारावं, असं लिहिलं. साहेबांच्या सांगण्यावरून महिन्याभरानं तिनं कोडही बदलला. ती अजून त्याच कंपनीत आहे, मीही आहे. चहाच्या वेळेला ती सगळ्यांना हाक मारते, त्यात मलाही मारते. मी हातात काम आहे म्हणते.

आता कुठलंही साधन स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. कामाला ते चांगलंच आहे. पण परवा नवरा म्हणाला, गॅस बंद केलाय, आणि मी तरीही उठून बघून आले. गॅस बंदच होता.