दुसरी सुई

मालाडच्या सीताराम परबांचे खांदे बघितले, की माणूस गोविंदा पथकातला हे वेगळं सांगावं लागत नसे. उभं आयुष्य ते दहीहंडीच्या खालच्या थरात उभे राहिले. खालच्या थराने वर बघायचं नसतं. मान खाली, नजर जमिनीवर. म्हणून पोटचा मुलगा सिद्धेश सहाव्या थरावरून निसटला, तेव्हा बापाला दिसलं काहीच नाही. नुसता आवाज आला. न दिसलेली गोष्ट मेली पिच्छा सोडत नाही. दूध केंद्रावर पिशव्या देताना, देवापुढे दिवा लावताना सीतारामांना तो पडताना दिसे, आणि दर वेळी वेगळा पडे.

सिद्धेशचा मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की स्टेम सेलचा उपचार अजून प्रयोगातच आहे, त्याने पोरगा चालेल असं मी म्हणणार नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. एका खासगी दवाखान्यात त्याच्या कमरेच्या हाडातला मगज काढला, त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि सुईने पाठीच्या कण्यात सोडल्या. मग ताप आला, डोकं फुटेल अशी कळ आली, आणि त्यानंतर नुसती वाट बघणं.

पाय हलत. पण ते सुईच्या आधीही हलत असत. मधेच ताठ होत, थरथरत, आणि सिद्धेशला त्याचा पत्ताही नसे. आपल्याच घरात कुणी परक्याने बिऱ्हाड करावं, तसं. सीतारामांना त्या पायांची चक्क भीती वाटे. त्यांच्या बायकोला, प्रेमाला, मात्र वाटे की पेशींना कोंब फुटला. दुसरी सुई घ्यायचीच, हा तिचा धोशा.

"बाबा, मला नको ती सुई," आई बाजारात गेलेली बघून सिद्धेश म्हणाला. "काय होत नाहीये त्याने. मला आता खुर्चीतच जगायला शिकू दे ना. तुम्ही सांगा आईला. माझं नाही ऐकणार ती."

"गोपाळकाला होऊ दे. सांगतो," सीतारामांनी शब्द दिला.

गोपाळकाल्याला पथक दारात सलामी द्यायला आलं. पोरांनी हट्टच धरला, सिद्धेशला खालच्या थरात घ्यायचंच. "काका, एकच थर लावतो. काय नाय होत!" असं म्हणत पथकातल्या मिथुनने एका बगलेत हात घातला, दुसऱ्या बगलेत सीतारामांनी. उचलताच पाय लाकडासारखे ताठले. तळवे जमिनीला जेमतेम टेकले. बघणाऱ्याला वाटावं, गडी उभा राहिला. सगळं वजन सीतारामांच्या खांद्यावर होतं, आणि खांद्याला कोण फसवणार? पण गल्लीत एकच जल्लोष झाला.

प्रेमा धावत आली आणि पोराच्या पायांशी बसली. ती रडत होती, हसतही होती. "अवो, बघितलात? झील उभो रवलो! दुसरी सुई घेवया आता. डॉक्टरांका सांगान टाका."

"बाबा, सांगा," सिद्धेश कानाशी पुटपुटला. "आत्ता सांगा."

सीतारामांनी तोंड उघडलं. अपघातानंतर प्रेमा हसलेली त्यांनी पाहिलीच नव्हती.

"उद्याच फोन करतो," ते म्हणाले.

सिद्धेशने बापाच्या मानेभोवतीचा हात काढून घेतला. आधार सुटला की आपण कोसळणार, हे ठाऊक असूनही काढला.