बत्तिसाव्या वर्षी बारावी

बारावीच्या परीक्षेत माझा इंग्रजीचा एकच पेपर झाला. दुसऱ्या दिवशी आईचे डोळे पिवळे दिसले. बाबांनी शेजारच्या गावातून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं. यकृताचा धडा मला तोंडपाठ होता. तिला दवाखान्यात न्यायला हवं, असं सारखं मनात येत होतं, पण बाबांपुढे बोलायची हिंमत झाली नाही. आठव्या दिवशी तिला अलिबागला हलवलं, तोवर ती माणसं ओळखेनाशी झाली होती. फिजिक्सच्या पेपरच्या सकाळी ती गेली.

पुढची तेरा वर्षं मी म्हसळ्यात एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात काढली. केसपेपर लिहायचे, बीपी बघायचं, म्हाताऱ्यांना गोळ्या समजावून सांगायच्या. माझं लग्न दोनदा जमता जमता राहिलं, मग तो विषय कुणी काढेना. एका दुपारी पेशंट नव्हते. बाई सहज म्हणाल्या, "अगं, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला आता वयाची अट राहिली नाही. बारावी मात्र हवी." घरी जाताना एसटीत मला माझा स्टॉपसुद्धा कळला नाही.

कॉलेजातल्या क्लार्कने माझा जुना दाखला उलटसुलट करून बघितला. "हा तुमचा? मला वाटलं, मुलीसाठी आलात." तिथे प्रवेश मिळाला नाहीच. शेवटी मुक्त विद्यालयाचा फॉर्म आणला. त्यावर आईचं नाव लिहिताना बाबा शेजारी बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या आजारपणाबद्दल बोलले.

"बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प राहिले."

बाबांनी फॉर्मवरच्या आईच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू बोलली असतीस तरी मी आयकलं नसतं. ता माझ्यावर हाय, पोरी. तुझ्यावर न्हाय."

बत्तिसाव्या वर्षी मी बारावी पास झाले. बाबांनी दवाखान्यात पेढे वाटले आणि गावभर सांगितलं, पोरगी डॉक्टर होणार. नीटला ते माझ्याबरोबर पनवेलला आले. गेटवरचा माणूस मला म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." मी प्रवेशपत्र दाखवलं, तसा तो ओशाळला. आत माझ्या बाकाशेजारची मुलगी मला काकी म्हणाली.

पात्र ठरण्याइतके मार्क पडले, पण सरकारी कॉलेजची सीट फार लांब राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा बसले. दवाखाना सांभाळून पहाटे अभ्यास करायचे, तरी फिजिक्सची गणितं डोक्यात शिरत नव्हती. त्या वेळी मार्क आणखी कमी आले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पेशंट मात्र कौतुकाने मला 'डॉक्टर' म्हणू लागले होते, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी बाबांनी विचारलं, "औंदा फॉर्म न्हाय भरलास?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणाले आणि विळा घेऊन शेतावर गेले.

दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन गेले. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने माझ्या डॉक्टरकीचं विचारलं असावं. मी पाठीमागे आहे हे बाबांना ठाऊक नव्हतं. वाकून गवत कापता कापता ते म्हणाले, "तिला सवडच न्हाय रे. दवाखाना तिच्यावरच चालतो."

मी तिथेच उभी राहिले. मग चार पावलं मागे सरून हाक मारली, "बाबा, भाकरी आणलीय."