काठ आत, काठ बाहेर

वस्त्र हा संस्कृतीचा आरसा असतो. आमच्या विभागप्रमुख मॅडम दर बैठकीत हे म्हणतात, आणि आरशात कोण दिसणार ते मग ठरवतात.

सयाजीगंजातलं कॉलेज. वेशभूषेच्या इतिहासासाठी आम्हा चौघींना संदर्भग्रंथ निवडायचे होते. टेबलावर जाड पुस्तकं. शालू, पगड्या, जरीचे अंगरखे. मॅडमचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. पुस्तकातल्या पगड्या त्या नातेवाइकांसारख्या ओळखायच्या. मी अकरा महिन्यांच्या करारावर शिकवणारी. करार मेमध्ये संपणार, पुढचा मॅडम देणार.

मी एक पातळ पुस्तक पुढे सरकवलं. मजुरी करणाऱ्या बायका लुगडं कसं नेसत, त्याचं. मॅडमनी चाळलं.

"हा इतिहास नाही गं, ही गरिबी आहे." मग हसल्या. "आणि याला पुस्तक कशाला? तू आहेस की. ऊठ, तुझी आजी कशी नेसायची ते दाखव."

बाकी दोघी प्राध्यापिका, त्यांना 'मॅडम'. मला 'तू'.

मी उठले. भीतीनं उठले. ओढणी कमरेला गुंडाळली, पायांमधून मागे नेऊन खोचली.  दोघी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. विभागप्रमुखांनी मोबाइल काढला.

"काठ आत गेलाय बघ. बाहेर काढ, फोटोत छान दिसेल."

मी खाली पाहिलं. आजी खानदेशातल्या गावची. तिनं शिकवलं तसं हातांनी आपोआप केलं होतं. आणि तीस वर्षं हा विषय शिकवणाऱ्या बाईंना ते माहीत नव्हतं.

"काठ आतच लपवायचा," मी म्हणाले.  "आमच्या जातीतल्या बायकांचा काठ दिसला तर मार पडायचा. कोणाच्या हातचा, ते यातल्या कुठल्या पुस्तकात आहे?"

ओढणी सोडली. खाली बसले. डोक्यात फक्त मे महिना.

दुपारी गुजराती ग्रंथपालभाई निवडलेल्या पुस्तकांची यादी घेऊन आले. माझं पातळ पुस्तक त्यात नव्हतं. "बेन, सही करी दो ने." भला माणूस. मी सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं: यादी अपुरी आहे. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

भीती गेली नाही. ती असू दे. मी इथे आहे तोवर पहिला तास त्या लपवलेल्या काठावर घेईन. इथून काढलं तर दुसरीकडे घेईन. कोणी सांगितलं म्हणून उठून उभी राहणार नाही.

यादी त्याच संध्याकाळी मंजूर झाली. नियमानं तीन सह्या पुरतात.