पलंगाशिवायची खोली

जुना कॉम्प्युटर अडकू नये म्हणून ती सामानाचा लेयर, म्हणजे पलंग-कपाटांचा वेगळा थर, लपवूनच घरांचे नकाशे काढायची. आज सासूबाईंच्या नव्या खोलीचा नकाशा न्यायला गवंडी येणार होता, आणि तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मापं बरोबर होती, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

वॉकर टेकत सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, मी जमिनीवर झोपायचं का? पलंग कुठाय?"

"लपवलाय, आई. थांबा, दाखवते."

तिने लेयर चालू केला. उघडलेलं दार पलंगावर आपटत होतं. वॉकरला वाटच नव्हती.

"मला कोंडायचा बेत दिसतोय!"

एवढ्यात बेल वाजली.

"आई, गवंड्याला जरा बोलण्यात गुंतवा. तोवर दार हलवते."