ओव्हनमध्ये घातलेलं कपाट

“गायकवाड, हे काय आहे?” साहेबांनी कपाटाच्या दारावर बोट टेकवलं. बोटाला चिकट राळ लागली. पांढऱ्या रंगावर फुगे आले होते आणि लाकडातल्या प्रत्येक गाठीभोवती पिवळा डाग उमटला होता.

कपाट साहेबांनी घरी स्वतः बनवलेलं. परदेशी मशिनं ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्यांचं. सुतारकाम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? मुलीच्या वास्तुशांतीला द्यायचं होतं. “गाडीच्या दारासारखं गुळगुळीत हवं,” म्हणून त्यांनी ते हडपसरच्या आमच्या कारखान्यात आणलं. इथलं पेंट शॉप माझ्याकडे. आम्ही पत्र्याचे पार्ट रंगवतो आणि ओव्हनमध्ये एकशे चाळीस अंशांवर भाजतो.

मी आधीच सांगितलं होतं. “साहेब, लाकूड आहे. हवेवर वाळू द्या. आठवडा तरी लागेल.”

“पत्रा वीस मिनिटांत होतो की! आणि हे लाकूड भाजलेलंच आहे. फळीवर हीट ट्रीटमेंटचा शिक्का आहे, बघा.”

खोक्यांतून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून लाकूड तापवतात, त्याचा तो शिक्का. “अहो, ते छप्पन्न अंशांवर. त्यानं कीड मरते. राळ आत तशीच राहते.”

“मला आकडे शिकवू नका.”

मी जेवायला गेलो. तेवढ्यात त्यांनी आमच्या कंत्राटी पेंटरला, सुरेशला, रंग मारून कपाट थेट ओव्हनमध्ये घालायला लावलं. आणि आता तेच म्हणत होते, “यानं रंग जाड मारलाय. कॉन्ट्रॅक्टरला कळवा, उद्यापासून दुसरा माणूस द्या.”

सुरेश शेजारीच उभा होता. “साहेब, तुम्हीच म्हणालात—”

“तू मध्ये बोलू नकोस.”

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण हुकूम एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हे मला आजही पचत नाही. कपाटाच्या फळ्यांतला उरलेला एक तुकडा साहेबांनी रंगाची शेड मारून बघायला आणला होता, तो कोराच राहिला होता. मी तो उचलला.

“साहेब, याला रंगाचा थेंबही लागलेला नाही. हा ओव्हनमध्ये घालतो. वीस मिनिटं आपण इथेच थांबू.”

“मला मीटिंग आहे.”

“मग कॉन्ट्रॅक्टरला मी काही कळवत नाही.”

ते थांबले. तुकडा बाहेर काढला, तेव्हा गाठीतून राळ उकळून ओघळली होती. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“लाकूडच खराब निघालं,” म्हणाले आणि मीटिंगला गेले. सुरेशची नोकरी राहिली. त्याला सॉरी कोणी म्हटलं नाही.

कपाट मी आणि सुरेशनं पुन्हा केलं. रंग खरवडला. गाठींवर लाखेचे दोन हात दिले, म्हणजे राळ आतच कोंडते. पुट्टी भरली, एकशे ऐंशीच्या पॉलिश पेपरनं घासली. प्रायमर मारला, तो तीनशे वीसनं घासला. मग रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. गुळगुळीतपणा रंगात नसतो, रंगाखालच्या घासण्यात असतो. दारात ट्यूबलाइट सरळ दिसली, तेव्हा थांबलो.

वास्तुशांती उरकून गेली होती. कपाट मागाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ओव्हनवर नोटीस लागली: ‘लाकडी वस्तू आत ठेवल्यास पेंट शॉप इन-चार्ज जबाबदार राहतील.’ खाली सही साहेबांची. तेव्हापासून मी डबा ओव्हनसमोर बसूनच खातो.