दगड वर थांबतो तेव्हा

या सोमवारी वर्गात माझ्या हातून फार वाईट झालं... लाज वाटते, तरी सांगतोच.

नाशकात आमच्या हायस्कुलात मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गाला, इंग्रजी सहावीला, फिजिक्स शिकवतो. वर्गात मुली दोनच, त्यातली यमुना तांबटाची लेक. मी फळ्यावर लिहिलं... वर फेकलेला दगड सगळ्यात उंच पोचला की त्याचा वेग शून्य आणि ॲक्सिलरेशन, म्हणजे वेग बदलण्याचा दर, तोही शून्य. बारा वर्षं हेच लिहीत आलोय.

यमुना उठली. "सर, दोन्ही शून्य, तर दगड वरच का राहत नाही?"

पोरं फिस्सकन हसली आणि माझा पारा चढला. तिला तासभर उभं केलं, वर शिपायाच्या हाती घरी चिठ्ठी धाडली... मुलगी आगाऊ आहे म्हणून.

संध्याकाळी गोदेच्या घाटावर बसलो, पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. एक खडा सरळ वर फेकला... मग आणखी एक. वर जाताना वेग कमी होतो तो पृथ्वीच्या ओढीनं, खाली येताना वाढतो तोही त्याच ओढीनं. मग मधल्या त्या क्षणी ओढ जाईल कुठे? वेग शून्य होतो, पण वेग बदलणं काही थांबत नाही. अरे देवा... पोरीचं बरोबर होतं!

मंगळवारी तिची जागा रिकामी, बुधवारीही. दुसरी मुलगी म्हणाली, चिठ्ठी वाचून वडलांनी तिची शाळाच बंद केली.

शाळा सुटल्यावर तडक तांबटांच्या गल्लीत गेलो. तिचे वडील हंड्याला ठोके देत बसले होते. उभ्याउभ्याच सांगितलं, तुमची मुलगी बरोबर होती, चुकलो मी.

त्यांची हातोडी थांबली. "मास्तर, तुम्हीच चुकीचं शिकवता, तर पोरीला धाडू कशाला?"

मान खाली घातली. तेवढ्यात यमुना आतून दाराशी आली.

"आबा, सर स्वतः आलेत सांगायला. या वेळी चिठ्ठी नाही धाडली."

हंडा बाजूला सारत ते म्हणाले, "उद्या येईल ती."

आज फळ्यावर तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आणि त्यातला ॲक्सिलरेशनचा भाग सगळ्यांसमोर यमुनेला खोडायला लावला. तिनं खोडला, मी आभार मानले...

पण बारा वर्षांत असं विचारणाऱ्या आणखी किती जणांना मी दरडावून खाली बसवलं असेल? त्यांच्या दाराशी आता कसा जाऊ...